डुप्लिकेटच्या बदल्यात क्वाड्रन : कार्ट्रिज अदलाबदलीच्या नोंदी

४ जानेवारी

डुप्लिकेटचा ढीग हाताबाहेर चाललाय म्हणून हे सुरू करतेय, बाकी नवीन वर्षाचा संकल्प वगैरे काही नाही. ठरवलंय ते एवढंच की यंदा रोख पैसे मोजून एकही कार्ट्रिज (जुन्या गेम मशीनमध्ये खुपसायचा गेमचा डबा) घ्यायची नाही, जे यायचं ते अदलाबदलीतूनच, आणि या सगळ्याच्या शेवटी हातात यायला हवी क्वाड्रन. अटारी २६०० या जुन्या गेम कन्सोलची, १९८३ ची. ती दुकानात कधी आलीच नाही, अटारी क्लबच्या सभासदांना टपालाने मागवता यायची तेवढीच, आणि २६०० सारख्या मशीनमधून माणसाचा आवाज काढते म्हणून तिचं नाव. जगात एकच कॉपी शिल्लक आहे असला प्रकार नाही, पण ज्याच्याकडे दोन आहेत आणि त्यातली एक द्यायची तयारी आहे असा माणूस शोधावा लागतो, आणि असा माणूस पैशाला सहसा भुलत नाही, त्याला त्याच्या यादीतलं काहीतरी हवं असतं.

म्हणजे आधी माझ्याकडे नक्की काय आहे ते मला माहीत पाहिजे. एक्सेल शीट उघडली. रकाने : गेम, सिस्टिम, लेबलचा प्रकार, बोर्डावरचा कोड, चिपवरचा डेट कोड, सीआरसी (आतल्या डेटावरून काढलेला, ताडून बघायचा आकडा), अवस्था, आणि शेवटचा रकाना "कुठून आली". हा शेवटचा सगळ्यात आळसाने भरला जातो आणि नेमका तोच नंतर सगळ्यात जास्त लागतो.

११ जानेवारी

टेस्टिंगचं टेबल लावलं. २६००, एनईएस (निन्टेन्डोचा जुना कन्सोल), गेम बॉय, आणि एमएसएक्स व कमोडोर ६४ हे दोन जुने घरगुती कॉम्प्युटर. कमोडोरला त्याचा मूळ पॉवर सप्लाय अजिबात लावणार नाहीये, तो जुना झाला की ५ व्होल्टची लाइन वर चढत जाते आणि रॅमच्या चिप जातात, आणि आपण मात्र कार्ट्रिजच खराब आहे असं समजून बसतो. नवीन सप्लाय घेतलाय.

साफसफाईसाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या, बास. पितळ घासायची पॉलिश लावून चकचकीत केलेले कॉन्टॅक्ट फोटोत मस्त दिसतात पण त्या पॉलिशमध्ये खरखरीत कण असतात, वरचा पातळ मुलामाच निघून जातो आणि खाली राहिलेला लेप पुढे त्रास देतो तो वेगळाच. फुंकर मारायची सवय असणाऱ्यांना काय सांगायचं, तोंडातली वाफ धातूवर जाते एवढं सांगून मी गप्प बसते. निम्म्याहून जास्त "डेड" म्हणून आलेल्या कार्ट्रिज नुसत्या पुसून चालू झाल्या आज. लॉटमध्ये, म्हणजे एकगठ्ठा, घेताना "अनटेस्टेड" लिहिलेलं बघून लोक घाबरतात, मला उलट तिथेच मजा येते. फक्त बारा लॉटमध्ये तोच फोटो आणि तीच वाक्यं दिसली की समजायचं, चालू तेवढं काढून घेऊन उरलेलं आपल्या गळ्यात मारतायत.

१८ जानेवारी

आज उघडाउघडी. निन्टेन्डोच्या बहुतेक कार्ट्रिजला तो ३.८ मिमीचा गेमबिट नावाचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो, गेम बॉय ॲडव्हान्सला तीन पात्यांचा ट्राय-विंग. एनईएसच्या अगदी सुरुवातीच्या कार्ट्रिजना मात्र पाच साधे चपट्या खाचेचे स्क्रू असायचे, नंतर ते तीन गेमबिटवर आले आणि वरच्या बाजूला खटके आले. त्यामुळे तोच गेम असूनही पाच स्क्रूवाली कॉपी वेगळी धरतात आणि माझ्याकडच्या डुप्लिकेटमध्ये अशा दोन-चार निघाल्या, हे आधी कधी बघितलंच नव्हतं मी! शीटमध्ये आणखी एक रकाना वाढला.

जायरोमाइटच्या काही सुरुवातीच्या कॉपीत आत चक्क जपानी फॅमिकॉमचा ६० पिनचा बोर्ड असतो आणि त्याला ७२ पिनचा कन्व्हर्टर जोडलेला असतो. त्या कन्व्हर्टरसाठी लोकांनी बिचाऱ्या कित्येक कॉपी फोडून टाकल्या. माझी उघडली तर साधा बोर्ड निघाला. ठीक आहे.

२६०० च्या अटारीच्या स्वतःच्या कार्ट्रिज मी उघडत नाही. स्क्रू लेबलच्या खाली दडलेला असतो, म्हणजे आत बघायचं तर लेबल भोसकायचं किंवा सोलायचं, आणि एकदा ते झालं की ती कार्ट्रिज अदलाबदलीत दोन पायऱ्या खाली गेली. तिथे डम्परवर (कार्ट्रिजमधला डेटा वाचून घेणारं यंत्र) काम भागवायचं. ॲक्टिव्हिजनच्या लेबलवर ते तपकिरी डाग येतात, कलेक्टर त्याला ॲक्टिप्लाक म्हणतात, पुसून जात नाहीत, पुसायला जाऊ पण नये. मी फोटोत डाग मुद्दाम जवळून दाखवते. समोरच्याने नंतर पार्सल उघडून तोंड वाकडं करण्यापेक्षा आधीच नाही म्हटलेलं बरं.

डेट कोडबद्दल लिहून ठेवते कारण मला दर वेळी कोणीतरी विचारतं. चिपवर चार आकडे असतात, पहिले दोन वर्ष, पुढचे दोन आठवडा. ८२२४ म्हणजे १९८२ चा चोविसावा आठवडा. लेबलवर १९८२ आणि आत ८८ सालची चिप दिसली की नवखे लगेच "नकली!" म्हणून ओरडतात, पण २६०० चं उत्पादन अधिकृतपणे १९९२ च्या सुरुवातीपर्यंत चालू होतं आणि जुने गेम लाल लेबलवर पुन्हा पुन्हा निघाले, तेव्हा उशिराची चिप एकट्याने काही सिद्ध करत नाही. लेबलचा प्रकार आणि चिपचं वर्ष दोन्ही एकमेकांशी जुळायला पाहिजेत.

२ फेब्रुवारी

गेम बॉयचा खोका. यात नकलीचं प्रमाण एवढं आहे की काम करताना मूड जातो. पोकेमॉन एमरल्डच्या तीन कॉपी होत्या, त्यातली एकच खरी. खरीमध्ये खालच्या फटीतून बोर्डावर, पिनांच्या वरच, निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं, लेबलवर दाबून उमटवलेले बारीक आकडे असतात जे तिरक्या उजेडात धरले की कळतात, आणि बॅटरी संपली की गेम सुरू होताना तसा मेसेज येतो पण सेव्ह जात नाही, कारण त्या बॅटरीवर फक्त घड्याळ चालतं, सेव्ह फ्लॅश चिपमध्ये असतो. नकलीत बऱ्याचदा स्वस्तातला एसरॅम (वीज असेपर्यंतच लक्षात ठेवणारी मेमरी) टाकून सेव्हपण बॅटरीवर ठेवलेला असतो. म्हणजे विकणारा सांगतो "बॅटरी गेली म्हणून सेव्ह होत नाही", आणि तो बिचारा नकळत स्वतःच सांगून बसलेला असतो की माल नकली आहे.

गोल्ड आणि सिल्व्हरचं बरोबर उलटं. तिथे सेव्ह आणि घड्याळ दोन्ही एकाच बॅटरीवर, म्हणून ती लवकर संपते. मल्टिमीटरने मोजल्या, बऱ्याच मेल्या होत्या. बदलायच्या आधी ज्यांच्यात अजून जीव आहे त्यांचे सेव्ह डम्परने काढून घेतले, बॅटरी बदलली, सेव्ह परत टाकला. कोणाच्या तरी लहानपणीचा १५१ पूर्ण झालेला सेव्ह एका रेडमध्ये निघाला, खेळाडूचं नाव काहीतरी शिवी होतं, तो तसाच ठेवलाय.

बॅटरी टॅब असलेल्याच घ्यायच्या, मूळ टॅब स्पॉट वेल्ड केलेले असतात. नाण्यासारख्या साध्या सेलवर सरळ सोल्डर करायला जाऊ नये, सेल तापतो आणि फुगतो. आणि टेप लावून काम चालवलेली कार्ट्रिज तर मी घेतच नाही.

चिपवरच्या काळ्या ठिपक्याबद्दल : ग्लॉप टॉप दिसला म्हणजे नकली हे सरसकट खरं नाही. सुपर मारिओ आणि डक हंटच्या जोडकार्ट्रिजमध्ये खऱ्या बोर्डावर पण तो सापडतो. गेम बॉय ॲडव्हान्समध्ये दिसला तर मात्र मी पुढे बोलतच नाही.

९ फेब्रुवारी

नुसतं डम्पिंग. वाच, सीआरसी काढ, यादीशी ताडून बघ, शीटमध्ये टाक. कंटाळवाणं आहे आणि छान पण आहे.

२६०० मध्ये कार्ट्रिजला फक्त ४ केची (किलोबाइटची) खिडकी मिळते, स्लॉटला २४ कॉन्टॅक्ट, त्यात १३ ॲड्रेस, ८ डेटा आणि उरलेले वीजपुरवठ्याचे. लिहिण्याची लाइनच नाही. म्हणून ८ केच्या गेममध्ये ठराविक ॲड्रेसला नुसता हात लावला की बँक (त्या खिडकीत दिसणारा गेमचा तुकडा) बदलते, असली युक्ती वापरलेली असते. डम्परला बँकिंगचा प्रकार चुकीचा सांगितला तर तो आनंदाने अर्धाच गेम वाचून देतो आणि सीआरसी कुठेच जुळत नाही, मग लोक "अज्ञात व्हर्जन सापडलं" म्हणून नाचतात. आधी सेटिंग बघा रे.

२३ फेब्रुवारी

आज खरी गंमत. गेल्या वर्षीच्या एका मोठ्या लॉटमधली एक कार्ट्रिज, लेबल नाही, मास्किंग टेपवर पेनाने गेमचं नाव. लेबलच नसल्यामुळे उघडायला काही हरकत नव्हती. आत २७३२ ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी चिप), वर काचेची खिडकी, आणि शेजारी एक ७४०४.

ते ७४०४ बघून हसू आलं. २६०० कार्ट्रिजला निवडतं ते ए१२ लाइन वर गेल्यावर, आणि ईप्रॉमला निवडायचं तर लाइन खाली पाहिजे, म्हणून मध्ये उलटवणारी एक चिप लागते. कारखान्यातल्या मास्क रॉममध्ये (बनवतानाच डेटा कायमचा कोरलेली चिप) ते चिप बनवतानाच ठरवून घेता यायचं, त्यामुळे तिथे ही जास्तीची चिप दिसत नाही. म्हणजे ही एकतर कंपनीतली टेस्टची प्रत, नाहीतर अगदी छोट्या संख्येने काढलेली, नाहीतर कोणी घरी बसून केलेली. तिन्ही शक्यता उघड्या.

खिडकीवरचा स्टिकर अर्धा निघालेला होता. आधी अपारदर्शक टेप लावली आणि मग वाचायला घेतली. दर वेळी सीआरसी वेगळा! काही बिट डळमळीत झालेत. ईप्रॉममधला चार्ज गळतो तेव्हा ० चे १ व्हायला लागतात, आणि व्होल्टेज थोडं कमी करून वाचलं तर ते काठावरचे ० अजून ० म्हणूनच वाचले जातात. सप्लाय ५ वरून हळूहळू खाली आणत वाचत गेले. साडेचारच्या आसपास सीआरसी एकच यायला लागला आणि तसाच राहिला. फाइल तीन ठिकाणी ठेवली.

१ मार्च

ईप्रॉमचा निकाल : दुकानात आलेल्या गेमशी बाइट न् बाइट तोच. ना वेगळा टायटल स्क्रीन, ना एखादी अर्धवट लेव्हल, काहीच नाही.

मित्राला फोटो दाखवला (सोल्डरिंगमध्ये तो माझा गुरू आहे, कलेक्टिंगमध्ये त्याचं माझं जमत नाही). तो म्हणाला, "अगं, प्रोटोटाइप म्हणून लिस्ट कर ना, ईप्रॉम आहे, टेप आहे, अजून काय पाहिजे लोकांना?" मी म्हटलं अरे पण आत फायनल गेम आहे. तो म्हणाला, "मग फायनलच्या आदल्या दिवशीचा प्रोटोटाइप!" यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शीटमध्ये लिहिलं : "ईप्रॉम, फायनल कोड, मूळ अज्ञात". २७३२ चिप कोणालाही मिळते, ७४०४ तर आजही ढिगाने बनते, आणि फायनल रॉम नेटवर आहे. ही कार्ट्रिज ज्याच्याकडून आली त्याला ती कुठून आली होती हे कळलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, विचारलं, त्याला माहीत नाही. म्हणून म्हणते तो शेवटचा रकाना.

८ मार्च

ऑफर लिस्ट बनवली. एमएसएक्सची नेमेसिस २ खोक्यासकट, सिअर्सच्या त्या तीन खास २६०० कार्ट्रिजचा संच (स्टीपलचेस, स्टेलर ट्रॅक, सबमरीन कमांडर, या तीन फक्त सिअर्सच्याच नावाने निघाल्या, अटारीच्या लेबलवर नाहीत), पाच स्क्रूच्या एनईएस कॉपी, कमोडोर ६४ च्या काही.

कमोडोरमधली एक मला द्यायला जिवावर आलंय, टर्मिनेटर २ ची कार्ट्रिज. १९९० मध्ये कमोडोरने ६४ चा कीबोर्ड काढून टाकून सी६४जीएस नावाचा नुसता गेमिंग कन्सोल काढला, आणि ही कार्ट्रिज त्याच्यासाठी म्हणून दिली, आणि गेम सुरू करायला ती सांगते की कीबोर्डवरचं बटण दाबा. झालं! दुर्मिळ नाही फारशी पण असली वस्तू कपाटात पाहिजेच.

दुर्मिळ या शब्दावरून दर वेळी भांडण होतं म्हणून माझा हिशोब लिहून ठेवते. निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स १९९० च्या ९० करड्या आणि २६ सोनेरी, हे आकडे माहीत आहेत, ती दुर्मिळच. पेप्सी इन्व्हेडर्स, जी कोका-कोलाने १९८३ मध्ये स्वतःच्या लोकांसाठी १२५ करून घेतली, ती पण. एअर रेड, तो निळा टी आकाराचा हँडल असलेला, तर बोलायलाच नको. पण २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ ची सीलबंद कॉपी १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, त्या गेमच्या कोटीभर प्रती विकल्या गेल्यात, तिथे दुर्मिळ होतं ते प्लॅस्टिकचं वेष्टन. वेष्टन गोळा करायला माझी हरकत नाही, पण त्याला दुर्मिळ गेम म्हणू नका.

आणि अलामोगोर्डोचा तिसराच प्रकार. १९८३ मध्ये अटारीने न्यू मेक्सिकोतल्या त्या कचरा डेपोत माल पुरला, एप्रिल २०१४ मध्ये उकरून साधारण १३०० कार्ट्रिज वर काढल्या. ई.टी. हा २६०० वरचा सगळ्यात सहज मिळणाऱ्या गेमपैकी एक, चेपलेली आणि वास मारणारी कॉपी कोण घेईल? पण सोबत शहराचा टॅग आणि सर्टिफिकेट आहे, म्हणून घेतात. तिथे लोक कागदच विकत घेतायत, आणि त्यात खोटं असं काही नाही, कारण तो कागदच त्या वस्तूची गोष्ट आहे. टॅग हरवला की उरतो तो नुसता कचरा.

भाव ठरवताना मागितलेल्या किमती बघायच्या नाहीत, शेवटी विकली गेलेली किंमत बघायची, आणि ती पण एक नाही, आठ-दहा बघून मधली धरायची. २०२१ चे आकडे तर अजूनही काही लोक उगाळत बसलेत.

१५ मार्च

मेसेज आला : पेप्सी इन्व्हेडर्स आहे, तुझ्या लिस्टमधलं निम्मं दे. दोन मिनिटं हृदय थांबलं खरं.

अडचण अशी की ती कार्ट्रिज मुळात लेबलशिवायच दिली गेली होती. म्हणजे नकली बनवणाऱ्याचं अर्धं काम आधीच झालंय, कुठलीही काळी कार्ट्रिज घ्या, लेबल सोला, आत ईप्रॉम बसवा. गेम चालू करून दाखवणारा व्हिडिओ त्याने लगेच पाठवला, पेप्सीची अक्षरं खाली येतायत, तीन मिनिटांनी खेळ संपतो, सगळं बरोबर. पण तो कोड कोणीही चालवून दाखवू शकतं. मी म्हटलं बोर्डाचा फोटो पाठवा, दोन्ही बाजूंनी, शेजारी चिठ्ठीवर आजची तारीख आणि माझं नाव लिहून. उत्तर आलं की उघडली तर किंमत कमी होईल. लेबलच नाहीये हो, स्क्रू समोर दिसतोय, किंमत कशाने कमी होणार?

दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ आणखी एकाला गेल्याचं कळलं. विषय संपला.

२२ मार्च

स्टेडियम इव्हेंट्सबद्दल एक चांगलं बोलणं झालं, सौदा नाही, नुसतं बोलणं. ती एनईएसची, १९८७ ची, बँडाईची, पायाने खेळायच्या मॅटसोबतची, नंतर निन्टेन्डोने हक्क घेतले आणि वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट म्हणून पुन्हा काढली. अमेरिकन कॉपी भयंकर महाग, युरोपातली तेवढी नाही. म्हणून युरोपातला बोर्ड अमेरिकन कवचात घालून विकायचा उद्योग होऊ शकतो, आणि तो पकडायचा तर सीआयसी चिप (कार्ट्रिज कुठल्या प्रदेशाची ते कन्सोलला पटवणारी चिप) बघायची, अमेरिकन बोर्डावर ३१९३ पाहिजे, युरोपच्या बोर्डावर ३१९५ किंवा ३१९७ असते. एक आकडा बघायला दोन मिनिटं लागतात.

आता हेच सीलबंद ॲक्रिलिकच्या डबीत घालून ग्रेड दिलेलं असेल तर? वरचा कागद सांगतो ९.४, आत कुठला बोर्ड आहे ते बघायचा रस्ताच बंद. एकाने मला खरंच अशी डबीबंद एनईएसची कार्ट्रिज देऊ केली नेमेसिस २ च्या बदल्यात, कागदोपत्री मला फायदाच होता. नाही म्हटलं. ग्रेड देणारे कोपरे, चुरगळ, रंग बघतात, ते त्यांचं काम ते करतात, पण मला जी गोष्ट तपासायची आहे ती त्या डबीने कायमची झाकलीये, आणि डबी फोडली तर ग्रेड गेला. असली वस्तू पुढच्या माणसाला देताना मी काय सांगणार, डबीवर लिहिलंय तेच ना?

५ एप्रिल

क्वाड्रन सापडली! एका जुन्या कलेक्टरकडे, दुसऱ्या खंडात, त्यांच्याकडे दोन. ते २६०० सोडून आता एमएसएक्सकडे वळलेत आणि त्यांना कोनामीची एससीसीवाली कार्ट्रिज हवीय. म्हणजे माझी नेमेसिस २.

एससीसी म्हणजे कोनामीने कार्ट्रिजमध्येच बसवलेली आवाजाची चिप, पाच जास्तीचे चॅनल, नेमेसिस २ पासून ती सुरू झाली. बोर्डावर ०५१६४९ असा नंबर दिसतो. चिप मेलेली असेल तर गेम व्यवस्थित चालतो पण संगीत अर्धंमुर्धं येतं, आणि ज्याने आधी कधी ऐकलंच नाही त्याला वाटतं असंच असेल. मी बोर्डाचा फोटो आणि पहिल्या लेव्हलचा आवाज रेकॉर्ड करून न मागता पाठवला. त्यांनी लगेच विचारलं की ही एमएसएक्सची ग्रेडियस २ च ना? हो, युरोपात नेमेसिस २ नावाने आली तीच, आणि आर्केडच्या ग्रेडियस २ शी तिचा संबंध नाही, तो वेगळाच गेम आहे. त्यांना माहीत होतं, मला माहीत आहे का ते बघत होते. आजोबा पक्के आहेत.

वजनकाटा थोडा त्यांच्या बाजूला झुकत होता म्हणून सिअर्सचा संच मी वरून दिला. संच फोडून एकटी स्टेलर ट्रॅक देता आली असती, पण तीन एकत्र असण्याला जास्त अर्थ आहे, आणि त्यांच्याकडे तो संच अर्धवटच होता.

८ एप्रिल

आधी कोण पाठवणार यावर जगातल्या निम्म्या अदलाबदली मोडतात. पद्धत अशी की ज्याचं नाव कमी झालंय, ज्याचे जुने सौदे कमी, त्याने आधी पाठवायचं. ते माझ्यापेक्षा कितीतरी जुने, तेव्हा मीच. त्यांनी स्वतःहून म्हटलं की दोघांनी एकाच दिवशी पाठवून ट्रॅकिंग नंबर द्यावेत, मी म्हटलं नको, नियम आहे तो आहे.

कस्टमच्या कागदावर "गिफ्ट" लिहायचं नाही, खरं वर्णन आणि खरी किंमत. विमा त्याच किमतीवर मिळतो, आणि हरवलं तर गिफ्टचे पैसे कोण देणार.

१२ एप्रिल

पॅकिंग. खोका ॲसिड-फ्री कागदात, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला, नाहीतर उष्णतेत खोक्यावर गोल ठसे उठतात. कार्ट्रिज अँटिस्टॅटिक पिशवीत. रबर बँड कधीच नाही, वितळून चिकटतो. खोक्यात खोका, मध्ये दोन बोटं जागा भरलेली. हलवून बघितलं, आवाज नाही. गेलं.

२६ एप्रिल

ट्रॅकिंग एकाच ठिकाणी अडकलंय. रोज बघते. उपयोग शून्य.

३ मे

त्यांना मिळालं, एससीसी वाजतेय, खूश आहेत. त्यांनी त्याच दिवशी क्वाड्रन पाठवली.

१७ मे

आली. घाईने मशीनमध्ये खुपसली नाही, आधी बाहेरून बघितली. भिंगाखाली लेबलवर छपाईचे गोल गोल नक्षीत बसलेले ठिपके, घरच्या प्रिंटरचे ठिपके कसेही विखुरलेले असतात, तसे नाहीत. स्क्रूच्या जागेवर बोट फिरवलं, लेबल सपाट, कुठे खड्डा किंवा छेद नाही, कडेचा गोंद एकसारखा पिवळा. म्हणजे लेबल जुनं आणि उचललेलं नाही, म्हणजे आत कोणी बोर्ड बदललेला असण्याची शक्यता जवळजवळ नाही. धुळीचं झाकण स्प्रिंगने नीट मागे येतंय. फटीतून टॉर्च मारून बोर्डाची कड बघितली, झिजलीये पण गंज नाही.

मग डम्प. ८ के, दोन बँक, सीआरसी यादीशी जुळला, दुसऱ्यांदा पण तोच.

मग लावली. एकदा "क्वाड्रन!" असं ते घोगरं ओरडणं ऐकलं आणि पुन्हा पुन्हा रीसेट मारत बसले, गेम खेळायला संध्याकाळ उजाडली. खरं सांगायचं तर गेम म्हणून बरा आहे, ग्रेट नाही. १२८ बाइट रॅमच्या मशीनवर आवाज चालू असताना पडदा काळा ठेवायला लागतो कारण प्रोसेसरला दुसरं काही करायला वेळच उरत नाही, हे मात्र बघण्यासारखं आहे.

१८ मे

शीटमध्ये ओळ भरली, "कुठून आली" मध्ये त्यांनी कळवलेलं सगळं लिहिलं, त्यांचं नाव त्यांच्या परवानगीशिवाय कुठे देणार नाही पण शीटमध्ये आहे. त्यांच्या ईमेलची प्रिंट कार्ट्रिजसोबत ठेवली, उद्या ती पुढे गेली तर तो कागद पण जाईल.

ईप्रॉमवाली दिवाळीनंतर पुन्हा वाचायची आहे, सीआरसी बदलला तर नवीन चिपवर कॉपी करून मूळ तशीच ठेवेन. पाच स्क्रूवाल्या कॉपींसाठी दोघांनी विचारलंय, त्यातल्या एकाकडे एमएसएक्सची मेटल गियर २ आहे म्हणतो. बोर्डाचा फोटो मागितलाय, अजून आलेला नाही.